नावं ठेवू नका, नीट नाव ठेवा!

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात फक्त एका टिंबाचा फरक आहे. पहिलं बारशाला करतात. दुसरं आपण रोज रात्री मेसमधल्या डाळीच्या बाबतीत करतो. दुसऱ्या विषयात आपलं अख्खं होस्टेल डिस्टिंक्शनवालं आहे. पहिल्या विषयात मात्र आपल्याला सरसकट केटी लागलेली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे आणि या लेखात मी तेच मांडणार आहे.

विषय थोडा टेक्निकल आहे. लिनक्स कर्नलमध्ये हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या ज्या फायली असतात, त्यांची नावं कशी ठेवतात आणि त्यातून आपण काय घ्यावं, हा तो विषय. पण सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी लगेच पान उलटू नये. ही गोष्ट शेवटी आपल्या होस्टेलच्या गच्चीवरच्या टाकीपर्यंत येते, आणि पाणी सगळ्या ब्रँचना लागतं! (फायलींची खरी नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत असतात. हा मराठी विभाग असल्यामुळे मी ती देवनागरीत लिहिते आहे. सांभाळून घ्या.)

आधी एक घरचं उदाहरण. बाहेरगावाहून आलेला प्रत्येक फर्स्ट इयरवाला पहिल्या महिन्यात विचारतो, "कसाऱ्याच्या गाडीला इंडिकेटरवर 'एन' का लावतात? कसाऱ्यात 'एन' आहेच कुठे?" उत्तर असं, की कल्याणहून दोन फाटे फुटतात. एक ईशान्येकडे कसाऱ्याला जातो, दुसरा आग्नेयेकडे कर्जतला. नॉर्थ-ईस्टचा 'एन' आणि साउथ-ईस्टचा 'एस'. हे नाव आज कुणाला सुचलं असतं तर कदाचित वेगळं सुचलं असतं. पण उद्या रेल्वेने ठरवलं की 'एन' काढून 'के' लावू, तर? 'के' म्हणजे कल्याण! संध्याकाळी दादरच्या गर्दीत अर्धे खडवलीकर त्या गाडीकडे पाठ फिरवून उभे राहतील. 'टीएल' आली की सोडायची, कारण ती टिटवाळ्यालाच, म्हणजे आपल्या एक स्टेशन आधी संपते. 'एएन' म्हणजे आसनगाव, ती चालते. 'एन' तर चालतेच. हजारो माणसं त्या एका अक्षरावर विसंबून डब्यात पाय ठेवतात. म्हणून ते अक्षर आता नाव ठेवणाऱ्याचं राहिलेलं नाही, ते वापरणाऱ्यांचं झालेलं आहे. माझा सगळा मुद्दा हाच आहे. आता कर्नलकडे वळू.

तुमच्या कॉम्प्युटरला यूएसबी माउस लावला की तो माउस स्वतःच सांगतो, मी कोण, कुठल्या कंपनीचा. पण मोबाईल, राउटर किंवा आपल्या लॅबमधले बीगलबोन आणि रास्पबेरी पाय यांच्यासारखे छोटे बोर्ड घ्या. तिथे तापमानाचा सेन्सर कुठल्या तारेवर आहे, रिले कुठल्या पिनवर आहे, हे प्रोसेसरला कुणीतरी सांगितल्याशिवाय कळायचा मार्गच नाही. ते सांगण्यासाठी एक साधी मजकुराची फाइल लिहितात. तिला म्हणतात डीटीएस, म्हणजे डिव्हाइस ट्री सोर्स. अनेक बोर्डांना लागणारा सारखा भाग वेगळा काढून डीटीएसआय फायलीत ठेवतात. शेवटचा 'आय' इन्क्लूडचा. कंपाइल केल्यावर डीटीबी तयार होते. बोर्ड सुरू होताना बूटलोडर ती मेमरीत आणून ठेवतो, आणि कर्नल ती वाचून कुठला ड्रायव्हर लावायचा ते ठरवतो.

ही कल्पना मुळात ओपन फर्मवेअरची. तिचं आयईईई १२७५ हे मानक १९९४ सालचं आहे. पण एआरएम चिपच्या जगात बरीच वर्षं प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये स्वतंत्र सी प्रोग्रॅम घुसडला जात होता. मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या गोंधळावर जाहीरपणे भडकले आणि त्यानंतर एआरएमवाल्यांनी डिव्हाइस ट्रीचा रस्ता जोरात धरला. बोर्डांची माहिती प्रोग्रॅममधून निघून फायलींत आली. मग प्रश्न आला : या शेकडो फायलींना नावं काय द्यायची?

रूढ पद्धत अशी पडली की आधी चिपचं नाव, मग आडवी रेघ, मग बोर्डाचं नाव. 'एएम३३५एक्स-बोनब्लॅक.डीटीएस' म्हणजे एएम३३५एक्स कुळातल्या चिपवरचा बीगलबोन ब्लॅक. आपल्या देशातलं एक उदाहरण बघा. बंगळुरूच्या आयवेव्ह कंपनीच्या एका बोर्डाची फाइल कर्नलमध्ये आहे : 'आर८ए७७४३-आयडब्ल्यूजी२०डी-क्यू७.डीटीएस'. पहिल्यांदा वाचलं तर मंत्र म्हटल्यासारखं वाटतं. पण फोडून बघा. आर८ए७७४३ ही रेनेसास कंपनीची चिप, आयडब्ल्यूजी२०डी हा आयवेव्हचा बोर्ड, आणि क्यू७ हा त्या मॉड्यूलचा ठरलेला आकार. फाइल न उघडता तीन गोष्टी कळल्या. शिवाय फोल्डरमध्ये नावं अक्षरक्रमाने लागली की एका चिपचे सगळे बोर्ड आपोआप शेजारी येऊन बसतात. वर्गात आडनावाप्रमाणे बसवतात, तसं.

आता फायलीच्या आत या. प्रत्येक भागाला एक ओळख द्यावी लागते, 'कंपॅटिबल' नावाची. तिच्यात आधी कंपनीचं छोटं नाव, स्वल्पविराम, मग वस्तूचं नाव. कंपन्यांची ही छोटी नावं कुणी मनाला येईल तशी लिहीत नाही, त्यांची एक यादी कर्नलमध्ये ठेवलेली असते. सुरुवातीच्या काळात यातली बरीच नावं शेअर बाजारातल्या चिन्हांवरून घेतली गेली. फ्रीस्केलचं 'एफएसएल', ब्रॉडकॉमचं 'बीआरसीएम', झायलिंक्सचं 'एक्सएलएनएक्स'. गंमत पुढे आहे. २०१५ मध्ये फ्रीस्केल एनएक्सपीत विलीन झाली. २०१६ मध्ये ब्रॉडकॉमला अव्हागोने घेतलं. २०२२ मध्ये झायलिंक्स एएमडीकडे गेली. बाजारातली ती तिन्ही चिन्हं गेली, पण कर्नलमधली नावं आहेत तशीच आहेत. एनएक्सपीच्या अगदी नव्या आयएमएक्स९३ चिपलासुद्धा आत 'एफएसएल'च म्हणतात. कारण जुन्या बोर्डांत बसलेल्या फायली तीच नावं घेऊन येणार, आणि कर्नलने ती ओळखली नाहीत तर चांगला चालणारा बोर्ड आंधळा होणार. हा त्यांचा 'एन'!

म्हणून कर्नलवाले नाव ठेवताना काटेकोर असतात. 'कंपॅटिबल' नावात 'एक्स' घालून 'यातली कुठलीही चिप' असं म्हणायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. का, ते एका जोडीत दिसतं. 'एटी९१सॅम९एक्स५' ही फाइल पाच चिपांसाठी आहे : ९जी१५, ९जी२५, ९जी३५, ९एक्स२५ आणि ९एक्स३५. म्हणजे इथला 'एक्स' रिकामी जागा आहे, तिथे काहीही बसतं. नंतर एक नवीन चिप आली, तिचं नावच 'सॅम९एक्स६०'. इथला 'एक्स' खराखुरा एक्स! एकाच घराण्यातल्या दोन फायली, दोन्हीत तेच अक्षर, पण अर्थ वेगळा. आज रिकामी सोडलेली जागा उद्या कोण येऊन भरेल हे नाव ठेवणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे आपल्याला जे नक्की माहीत आहे तेवढंच नावात लिहावं, हे बरं.

फायलीच्या आतल्या प्रत्येक भागाला जे साधं नाव देतात, तिथे नियम उलटा आहे. तिथे कामावरून नाव द्या, मॉडेलवरून नको. सेन्सर एलएम७५ असला तरी त्या भागाचं नाव 'टेंपरेचर-सेन्सर'. कुठला सेन्सर ते 'कंपॅटिबल'मध्ये लिहिलेलंच असतं. आपण नाही का, कॉन्ट्रॅक्टर दरवर्षी बदलला तरी 'मेस'च म्हणतो.

आता २०२३ ची गोष्ट, ही मला सगळ्यात आवडते. ३२-बिट एआरएमच्या सगळ्या डीटीएस फायली तोपर्यंत एकाच फोल्डरमध्ये होत्या. बोर्डांची संख्या दीड हजारावर गेली आणि तिथे काही शोधणं अवघड झालं. शेवटी लिनक्स ६.५ च्या वेळी त्या कंपन्यांच्या नावाने वेगवेगळ्या फोल्डरांत हलवल्या. बीगलबोन टीआयच्या खोलीत गेला, रास्पबेरी पाय ब्रॉडकॉमच्या. पण हे करताना दोन गोष्टी पाळल्या. फायलींची स्वतःची नावं तशीच ठेवली. आणि कंपाइल झालेल्या डीटीबी इन्स्टॉल करताना मात्र पूर्वीसारख्या एकाच फोल्डरमध्ये सपाट ठेवायच्या, हेही तसंच ठेवलं. कारण बाहेरचे बूटलोडर त्यांना त्या नावाने, त्याच जागी शोधतात. बीगलबोन ब्लॅकवर एक छोटी ईईप्रॉम चिप असते, तिच्यात बोर्डाचं नाव लिहिलेलं असतं. यू-बूट ते वाचतो आणि 'एएम३३५एक्स-बोनब्लॅक.डीटीबी' मागतो. ती मागणी जगभर कपाटांत, कारखान्यांत, शेतांत पडलेल्या बोर्डांमध्ये कोरलेली आहे. ती माणसं तुम्हाला ओळखत नाहीत आणि तुम्ही त्यांना फोन करू शकत नाही. घरातलं सामान हलवा, पण दारावरची पाटी हलवू नका, असा हा प्रकार.

पाटी दोन ठिकाणी दोन लागली की काय होतं, तेही बघा. रास्पबेरी पायच्या पहिल्या बोर्डाची फाइल मूळ कर्नलमध्ये 'बीसीएम२८३५-आरपीआय-बी' आहे, आणि रास्पबेरी पायच्या स्वतःच्या कर्नलमध्ये 'बीसीएम२७०८-आरपीआय-बी'. बोर्ड तोच, आकडे दोन. पाय ४ आला तेव्हा दोन्हीकडे 'बीसीएम२७११' झालं. पण त्याआधीच्या बोर्डांवर काम करणाऱ्या प्रत्येक नवीन मुलाला आजही कधीतरी कुणीतरी हे समजावून सांगावं लागतं.

आता आपली टाकी.

आपल्या काही सीनियर्सनी फायनल इयरला होस्टेलच्या पंपासाठी कंट्रोलर बनवला होता. बीगलबोन ब्लॅक, त्यावर त्यांनी स्वतः काढलेला बोर्ड, टाकीत दोन फ्लोट स्विच, पंपाला रिले. खाली पाणी कमी झालं की पंप सुरू, वर भरलं की बंद. काम फार सुंदर होतं, यात शंका नाही. वर्षभर गच्चीवरून पाणी वाहिलं नाही. मग ते पास होऊन गेले आणि पुढच्या जुलैत एसडी कार्डने मान टाकली. बॅकअप फोल्डर सापडलं. त्यात चार फायली : 'टँक', 'टँक न्यू', 'टँक फायनल' आणि 'माही'. होय, धोनीचा माही!

कपाटात बोर्डही दोन निघाले. वरून दिसायला जुळे भाऊ. पण एकात पिनवर व्होल्टेज आलं की रिले चालू होतो, दुसऱ्यात व्होल्टेज गेलं की चालू होतो. याचा अर्थ असा, की चुकीची फाइल घातली तर वीज आल्या आल्या पंप सुरू होईल आणि टाकी भरल्यावरही सुरूच राहील. कुठली फाइल कुठल्या बोर्डाची, हे नावावरून कळायला काहीच मार्ग नाही. साहजिकच कुणी धाडस केलं नाही. कंट्रोलर कपाटात गेला आणि वॉचमन काका पुन्हा हाताने बटण दाबायला लागले. त्यांना दहा कामं. मग कधी गच्चीवरून धबधबा, तर कधी परीक्षेच्या दिवशी वरच्या मजल्यावर सकाळी सातला नळ कोरडे. खाली भातसा नदी वाहते आहे आणि आम्ही बादली घेऊन तळमजल्यावर रांगेत!

आमच्या ग्रुपने तीन रविवार मल्टिमीटर घेऊन दोन्ही बोर्डांचे ट्रॅक तपासले. तेव्हा कळलं की 'माही' ही पहिल्या बोर्डाची फाइल, 'टँक न्यू' ही दुसऱ्याची, आणि 'टँक फायनल' म्हणजे 'टँक न्यू'च, फक्त दोन कॉमेंट जास्त. 'टँक' ही अर्धवट सोडलेली. तीन रविवारांची ही सगळी माहिती फाइल बनवणाऱ्याला त्या दिवशी तोंडपाठ होती. नावात पाच-दहा अक्षरं जास्त घातली असती तर ती आमच्यापर्यंत पोचली असती.

यावर मित्र-मैत्रिणी जे बोलतात ते मला माहीत आहे. पहिलं : "एवढं काय, सर्च मारायचा!" सर्च मारायला काय शोधायचं ते माहीत हवं. 'माही' शोधायचं हे कुणाच्या स्वप्नात येणार? दुसरं : "कर्नलवाले तरी कुठे सगळे नियम पाळतात?" खरं आहे. वर मीच तशी उदाहरणं दिली आहेत. पण त्यांची जुनी नावं चुकीची असली तरी ती का ठेवली आहेत, हे त्यांना सांगता येतं. आपल्याला 'टँक फायनल' का, हे सांगता येत नाही. तिसरं : "आम्ही रात्रंदिवस राबायचं आणि बोर्डावर आमचं नावही नको?" नाव जरूर हवं. फायलीच्या डोक्यावर लिहा, रिपोर्टमध्ये लिहा, बोर्डावर मागच्या बाजूला कोरा. पण फाइल ही त्या वस्तूची ओळख आहे, तिथे वस्तूचंच नाव शोभतं. आणि नाव दिमाखदार, आत भलतंच असं झालं, तर त्याला आपल्याकडे म्हण आहेच : नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

तर नुसती नावं न ठेवता मी काही नियम सुचवते. आपल्या डिपार्टमेंटपुरते केले तरी पुष्कळ.

१) मोठ्याकडून लहानाकडे जा. आधी मूळ बोर्ड, मग आपण काय बनवलं, मग कितवी आवृत्ती. 'बोनब्लॅक-होस्टेलटँक-रेव्हबी'. आम्ही आता हेच नाव ठेवलं आहे.

२) 'न्यू', 'फायनल', 'लेटेस्ट' या शब्दांना बंदी. हे शब्द फक्त त्या रात्रीपुरते खरे असतात.

३) लहान रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ. मधे जागा सोडायची नाही. कर्नलने २०२४ मध्ये डीटीएस लिहिण्याची जी शैली ठरवून दिली, तिच्यात फायलीतल्या भागांच्या नावांसाठी हाच नियम आहे. आपण तो फायलींनाही लावू.

४) स्पेलिंग एकदा ठरवा आणि लिहून ठेवा. आपल्या गावाचंच बघा ना. रोमनमध्ये कुणी 'व्ही' लिहितो, कुणी 'डब्ल्यू', कुणी मधे एक 'ए' जास्त घालतो. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनी ते आधी रोमनमध्येच वाचलेलं असतं, त्यामुळे 'ड' की 'द' इथपासून प्रश्न. पोस्टमन काका समजून घेतात. रेल्वेने मात्र 'केडीव्ही' ही तीन अक्षरं ठरवून टाकली, म्हणून तिथे गोंधळ नाही. कॉम्प्युटर हा पोस्टमन काकांसारखा नाही.

५) फायलीच्या शेपटीवरूनही काम कळू द्या. कर्नलमध्ये मूळ बोर्डावर वरून चढवायच्या तुकड्यांनाही पूर्वी 'डीटीएस'च म्हणत. २०२३ मध्ये लिनक्स ६.२ पासून त्यांना 'डीटीएसओ' ही वेगळी शेपटी मिळाली, आणि फाइल न उघडता फरक कळायला लागला.

६) जे नाव फायलीला, तेच नाव बोर्डावर छापा आणि तेच रिपोर्टमध्ये लिहा. आवृत्तीसकट.

७) दुसऱ्या कुणी ती फाइल वापरायला घेतली की नाव बदलायचा तुमचा हक्क संपला. सुधारणा असेल तर नवी फाइल काढा आणि जुनीत एक ओळ लिहा की नवी कुठे आहे.

स्टाफला एक नम्र विनंती. प्रोजेक्ट सबमिट करताना आपण ब्लॅक बुकच्या बाइंडिंगचा रंग बघतो, समास मोजतो, सर्टिफिकेटवर सह्या घेतो. त्याबरोबर एक साधी परीक्षा घ्या. प्रोजेक्टचं फोल्डर सेकंड इयरच्या कुठल्याही एका विद्यार्थ्यासमोर ठेवा आणि त्याला नुसती फायलींची नावं वाचून विचारा, यातली कुठली फाइल या टेबलावरच्या बोर्डाची? त्याला सांगता आलं तरच सही. यात खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटं. आपल्या लॅबच्या कपाटात दरवर्षी जे काम मरतं, त्यातलं बरंचसं या पाच मिनिटांत वाचेल. नाहीतर प्रत्येक बॅच पहिल्या पायरीपासून सुरू करते आणि आपण समजतो की मुलांना इंटरेस्ट नाही.

आणि ज्युनिअर्सना इतकंच, की तुम्ही आज रात्री जी फाइल सेव्ह कराल ती उघडणारा मुलगा किंवा मुलगी अजून बारावीत असेल. तुमचा नंबर तिच्याकडे नसेल. तिच्या हातात फक्त तुम्ही दिलेलं नाव असेल. ते सेव्ह करण्याआधी दहा सेकंद विचार करा.